एक शब्द : 'डार्कलिंग'

हा लेख एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास आहे आणि थोडासा कबुलीजबाबही आहे. कबुली आधी देतो, म्हणजे अभ्यासाला मोकळा होईन.

काही वर्षांपूर्वी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी कीट्सची 'ओड टू अ नाइटिंगेल' ही उद्देशिका शिकवीत असे. तिच्या आठ कडव्यांपैकी सहावे कडवे 'डार्कलिंग' या शब्दाने सुरू होते. मी वर्गात सांगे, "डार्कलिंग म्हणजे अंधुक, काळोखे, उदास." मुले लिहून घेत आणि मी पुढच्या ओळीकडे वळे. मला माझ्या विद्यार्थिदशेत हेच सांगण्यात आले होते, आणि बाजारात मिळणाऱ्या एका मार्गदर्शिकेतही हेच छापलेले होते. तीन ठिकाणी एकच गोष्ट दिसली की ती तपासून पाहण्याची बुद्धी सहसा होत नाही.

त्या वर्षी सहामाही परीक्षेत या कडव्यावर संदर्भासह स्पष्टीकरणाचा प्रश्न होता. खानापूरकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्याने लिहिले होते, की कवी अंधारात आहे, त्याला काहीही दिसत नाही, पक्षीही दिसत नाही, आणि तो नुसता ऐकतो आहे. त्याचे इंग्रजी मोडके होते; पण म्हणणे स्पष्ट होते. 'अंधारात' या अर्थाच्या शब्दांखाली मी तांबडी रेघ ओढली, समासात 'हे विशेषण आहे' असे लिहिले आणि पाचांपैकी दोन गुण कापले.

पेपर परत दिल्यावर तो स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, ह्यात माझं काय चुकलं?"

"शब्दाची जात चुकली. ते विशेषण आहे."

"पण सर, पायाशी फुलं कुठली आहेत ते दिसत नाही म्हणतोय की तो. वासावरनं ओळखतोय. मग अंधारातच हाय नव्हं?"

तो आधीच्या, म्हणजे पाचव्या कडव्याविषयी बोलत होता. मी काही बोललो नाही, तेव्हा त्याने आणखी सांगितले : "आम्ही भात पिकायला लागलं की रात्री माळ्यावर राखणीला जातोय सर. डुकरं येतात. कंदील बारीक करून बसतोय. दिसत कायच नाही, पण सगळं ऐकू येतंय. पाखरू कुठल्या झाडावर हाय तेसुद्धा कळतंय."

मी त्याला मार्गदर्शिका बघायला सांगून वाटेला लावले.

तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याच एका शब्दासाठी ग्रंथालयातील थोरला ऑक्सफर्ड कोश काढला होता. पाने उलटता उलटता 'डार्कलिंग' समोर आला. पहिलीच नोंद क्रियाविशेषणाची होती आणि अर्थ दिला होता 'अंधारात'. विशेषण म्हणून नोंद होती, पण ती नंतरची. मी कोश मिटला आणि बराच वेळ तसाच बसलो. कीट्सच्या त्या ओळीत तो मुलगा बरोबर होता आणि मी चूक होतो.

आता शब्दाकडे वळू.

'डार्क' हा भाग सर्वांना ठाऊक आहे. घोटाळा होतो तो शेवटच्या 'लिंग' या प्रत्ययाने. इंग्रजीत हे प्रत्यय दोन आहेत. रूप एक, कामे वेगळी. पहिला नामे बनवतो. 'डकलिंग' म्हणजे बदकाचे पिल्लू, 'गॉझलिंग' म्हणजे हंसकाचे पिल्लू, 'सॅपलिंग' म्हणजे रोपटे, 'हायरलिंग' म्हणजे भाडोत्री माणूस. 'डार्लिंग' हा सर्वांच्या परिचयाचा शब्दही याच घरातला : 'डिअर'चे जुने रूप आणि त्याला हा प्रत्यय. (वर्गात 'डार्कलिंग' उच्चारताच मागच्या बाकांवर जी खसखस पिकते तिचे कारण हे 'डार्लिंग', पण दोघांचे नाते केवळ उच्चारापुरते आहे.)

दुसरा प्रत्यय क्रियाविशेषणे बनवतो आणि दिशा, रीत किंवा स्थिती सांगतो. तो आज जवळजवळ मेलेला आहे, म्हणून ओळखू येत नाही. 'हेडलाँग' म्हणजे डोक्यावर, उताणेपालथे, बेभान. हा शब्द पूर्वी 'हेडलिंग' असा होता. 'लिंग'चा अर्थ लोकांना उमगेनासा झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या जागी ओळखीचा 'लाँग' बसवला. 'साइडलाँग'ची कथा हीच. 'डार्कलिंग' मात्र बदलला नाही. पंधराव्या शतकापासून तो लिहिलेला सापडतो आणि त्याचा अर्थ सरळ आहे : अंधारात, अंधारात असताना.

मग त्याचे विशेषण कसे झाले? शेवटी 'इंग' दिसले की इंग्रजी माणसाला ते धातुसाधित वाटते. 'स्पार्कलिंग' म्हणजे चमकणारे, कारण 'स्पार्कल' हे क्रियापद आहे. तसे 'डार्कलिंग' म्हणजे काळवंडणारे, आणि म्हणून 'डार्कल' असेही एखादे क्रियापद असणार! डॉ. जॉन्सनसारख्या पंडितालाही असेच वाटले. १७५५च्या आपल्या कोशात त्यांनी हा शब्द 'डार्कल'वरून आला असावा असे म्हटले आणि, प्रामाणिक माणूस, असे क्रियापद आपल्याला कुठे आढळलेले नाही हेही तिथेच नोंदवले. आढळणार कुठून? ते नव्हतेच. पुढे एकोणिसाव्या शतकात कवींनी ते खरोखरच वापरायला घेतले. बायरनने 'डॉन जुआन'च्या १८२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या सर्गात 'डार्कल'चे यमक 'स्पार्कल'शी जुळवले आहे. मुलावरून बाप जन्माला यावा तसा हा प्रकार. इंग्रजीत तो नवा नाही. सरपटणे या अर्थाचे 'ग्रॉव्हल' आणि कडेकडेने सरकणे या अर्थाचे 'साइडल' ही क्रियापदेही याच प्रत्ययाच्या चुकीच्या फोडीतून निघाली.

व्याकरण इतपत पुरे. साहित्यात हा शब्द कुठे कुठे येतो ते पाहिले, की क्रियाविशेषण आणि विशेषण यांतला फरक परीक्षेपुरता नाही हे कळते.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात थोरली मुलगी गॉनरिल बापाला सर्वांदेखत खडसावते. तेव्हा विदूषक कोकिळेच्या पिलाची गोष्ट सांगतो. दुसऱ्याच्या घरट्यात वाढलेले ते पिल्लू आपल्याला भरवणाऱ्या चिमणीचेच डोके खाते. आणि लगेच तो म्हणतो, की मेणबत्ती विझली आणि आम्ही 'डार्कलिंग' राहिलो. येथे 'अंधुक' हा अर्थ लावून पाहा. काहीच हाती लागत नाही. दिवा गेला, माणसे अंधारात उरली, एवढेच त्याला म्हणायचे आहे. पुढे लिअर ज्या वादळी रात्रीत भटकणार आहे तिची चाहूल या साध्या बोलण्यात आहे. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या दुसऱ्या अंकात हेलेना रात्रीच्या रानात डिमीट्रिअसच्या मागे धावत असते आणि मला 'डार्कलिंग' टाकून जाणार का, असे विचारते. तिथेही तेच : तिला रानात, काळोखात, एकटी सोडून तो निघून जातो. दोन्ही ठिकाणी कोणीतरी मागे राहिलेले आहे.

मिल्टनकडे आलो की हा शब्द अगदी वेगळ्या उंचीवर जातो. 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली प्रसिद्ध झाले. मिल्टन १६५२पर्यंत पूर्ण अंध झाला होता; हे महाकाव्य त्याने मनात रचून दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. तिसऱ्या सर्गाच्या आरंभी तो प्रकाशाला आवाहन करतो. तू सर्वांना भेटतोस, माझ्या डोळ्यांना मात्र भेटत नाहीस, अशी त्याची तक्रार आहे. आणि तिथेच तो स्वतःची तुलना रात्री गाणाऱ्या पक्ष्याशी करतो, जो दाट सावलीत लपून 'डार्कलिंग' गातो. पक्षी उदास आहे असे मिल्टन म्हणत नाही. अंधार ही त्याची गाण्याची जागा आहे. अंध कवीने स्वतःविषयी एवढेच सांगितले आणि तो पुढच्या कथेकडे वळला.

कीट्सने मिल्टन बारकाईने वाचला होता. त्याने टिपणे केलेली 'पॅरडाइज लॉस्ट'ची प्रत आजही जपून ठेवलेली आहे. १८१९च्या वसंत ऋतूत, लंडनजवळच्या हॅम्पस्टेड येथे त्याने ही उद्देशिका लिहिली. आधीच्या डिसेंबरात त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने गेला होता आणि त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती. स्वतः कीट्स वैद्यकाचे शिक्षण घेतलेला. मरण कसे येते हे त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते. आता कडव्यांचा क्रम पाहा. चौथ्या कडव्यात कल्पनेच्या पंखांवर तो पक्ष्याजवळ पोहोचतो, पण तिथे उजेड नाही. पाचव्यात त्याला पायाशी कोणती फुले आहेत ते दिसत नाही. नुसत्या गंधावरून तो एकेक ओळखतो. आणि सहाव्याच्या तोंडाशी हा शब्द, त्यापाठोपाठ 'मी' आणि ऐकण्याची क्रिया. मिल्टनचा पक्षी अंधारात गात होता; कीट्सचा माणूस अंधारात ऐकतो आहे. तोच शब्द गाणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे आला.

येथे 'अंधुक' किंवा 'उदास' असा अर्थ घेतला तर काय होते? ते एक वातावरण होते, आणि वातावरण दुरून पाहता येते. 'अंधारात' असा घेतला तर एक माणूस तिथे बसलेला असतो. त्याचे डोळे निकामी झालेले आहेत, नाकावर आणि कानांवर त्याची सगळी मदार आहे. अशा स्थितीत, त्याच कडव्यात, मरण सोपे वाटू लागल्याचे तो बोलतो, आणि मग त्याला उमगते की आपण मेलो तर गाणे चालूच राहील, फक्त आपले कान उरणार नाहीत. पुढचा हा सारा विचार कानांवर उभा आहे. म्हणून पहिल्या शब्दाने डोळे आधी मिटवले. मी इतकी वर्षे तो शब्द 'उदास' म्हणून शिकवीत होतो, आणि मुलांनी कडवेच्या कडवे उजेडात वाचले असणार.

एक अवांतर गोष्ट. आपल्याकडे 'नाइटिंगेल'ला सर्रास बुलबुल म्हणतात. फारसी काव्यातला बुलबुल हा खरोखर त्याच जातीचा पक्षी, पण आपल्या अंगणातला लाल बुडाचा बुलबुल निराळा, आणि तो दिवसाचा पक्षी आहे. डोळ्यांपुढे तो बुलबुल आणून ही कविता वाचणाऱ्या मुलाला रात्र दिसणार कशी?

कीट्सनंतर मात्र शब्दाचा तोल विशेषणाकडे झुकला. मॅथ्यू आर्नल्डच्या १८६७ साली छापलेल्या 'डोव्हर बीच'च्या अखेरीस एक मैदान येते आणि 'डार्कलिंग' हे त्या मैदानाचे विशेषण आहे. मैदान अंधारलेले, आणि त्यावर रात्री फौजा एकमेकींवर आदळत आहेत. हे चित्र थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने वर्णिलेल्या एका लढाईवरून सुचले असावे असे सामान्यतः मानतात. ख्रिस्तपूर्व ४१३ साली सिराक्यूजजवळच्या एपिपोली टेकाडावर अथेन्सच्या सैन्याने रात्री हल्ला केला. आपला कोण, परका कोण ते ओळखू येईना, परवलीचा शब्द पुन्हा पुन्हा विचारल्याने तो शत्रूलाही कळला, आणि आपलीच माणसे आपल्यांशी लढली. आर्नल्डचे वडील थ्युसिडिडीजचे संपादक होते, तेव्हा ही कथा घरातलीच. व्याकरणाने शब्द मैदानाला चिकटला खरा. पण त्याचे दुःख मैदानाचे नाही. अंधारात आहेत ती माणसे. जुन्या क्रियाविशेषणाचा प्राण तिथेही शिल्लक आहे असे मला वाटते.

आणि टॉमस हार्डी. २९ डिसेंबर १९०० रोजी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात त्याची एक कविता 'शतकाची मृत्युशय्या' अशा अर्थाच्या नावाने आली. तीच पुढे 'द डार्कलिंग थ्रश' म्हणून प्रसिद्ध झाली. गंमत ही, की कवितेच्या ओळींत हा शब्द कुठेच नाही. तो फक्त शीर्षकात आहे. हिवाळ्याची संध्याकाळ, दिवस मावळत आलेला, आणि एक म्हातारा, किडकिडीत पक्षी जीव ओतून गाऊ लागतो. हार्डीने हे नाव देताच मिल्टन आणि कीट्स यांचे दोन्ही पक्षी वाचकाच्या कानांत जागे होतात. 'काळा थ्रश' असे याचे भाषांतर मी एका उत्तरपत्रिकेत वाचले आहे. हसू आले नाही, कारण एव्हाना मला माझे दोन गुण आठवत होते.

प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी एक वाक्य : तुमच्या पुस्तकातील टेनेब्रिओनिडी कुळातले 'डार्कलिंग बीटल' हा या शब्दाचा आजचा सर्वांत धडधाकट संसार. पिठाच्या डब्यात सापडणारा तांबूस किडा त्यांतलाच.

आता प्रश्न मराठीचा. 'अंधारात' हा शब्द अर्थाने पुरतो, पण एका जुन्या, काव्यापुरत्या उरलेल्या शब्दाला तो फार रोजचा पडतो. एके दिवशी वर्गात हाच प्रश्न मी मुलांपुढे टाकला. आमच्या वर्गात निम्मी मुले मराठी, निम्मी कन्नड. कन्नड विभागातील एक विद्यार्थिनी चटकन म्हणाली, "कत्तलल्लि." मराठी मुले दचकली आणि मग हसली, त्यांना वाटले ही कसली कत्तल करते आहे! कन्नडमध्ये कत्तलु म्हणजे काळोख, आणि 'अल्लि' हा सप्तमीचा प्रत्यय. तिने एका शब्दात, प्रत्ययासकट, नेमका अर्थ दिला होता.

सप्तमी ऐकली आणि मला शाळेतले 'त, ई, आ' आठवले. 'घरात' आणि 'घरी' ही दोन्ही सप्तमीची रूपे. घरी, दारी, वनी, मनी, आकाशी. जुन्या ओव्यांत आणि अभंगांत ही ईकारान्त रूपे पावलोपावली भेटतात. मग अंधाराचे असे रूप काय? अंधारी. आणि येथे मी थबकलो, कारण 'अंधारी' म्हटल्यावर वर्गातल्या प्रत्येकाला 'अंधारी रात्र' किंवा 'अंधारी खोली' आठवली. एकाला 'डोळ्यांपुढे अंधारी येते' तीही आठवली. सप्तमी कोणालाच आठवली नाही.

पूर्वी असे झाले नसते. जुन्या लेखनपद्धतीत सप्तमीच्या या ईवर अनुस्वार असे : घरीं, वनीं, अंधारीं. विशेषणावर तो नसे. उच्चारात तो ऐकू येत नव्हता, पण डोळ्यांना शब्दाची जात सांगत होता. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याविषयी माझी तक्रार नाही. त्या टिंबांपायी आम्ही शाळेत पुष्कळ मार खाल्ला आहे. पण एक टिंब गेल्याने 'अंधारात असणारा' आणि 'अंधारलेली' यांच्यातील कुंपण पडले. इंग्रजीत 'लिंग' प्रत्यय विसरला गेला आणि 'डार्कलिंग'चे जे झाले, तेच आपल्या 'अंधारीं'चे झाले. अंधारात बसलेला माणूस निघून गेला आणि नुसता अंधार उरला.

फळ्यावर त्या दिवशी मी तीन शब्द एकाखाली एक लिहिले : डार्कलिंग, अंधारीं, कत्तलल्लि. मधल्यावर टिंब ठळक काढले.

तो खानापूरकडचा विद्यार्थी त्या वर्गात नव्हता. सहामाहीचे गुण केव्हाच कार्यालयात गेले होते, आणि तृतीय वर्षाला इंग्रजी विशेष विषय घेण्याचा त्याचा बेत होता, तो बदलून त्याने इतिहास घेतला होता. माझ्या दोन गुणांमुळेच असे मी म्हणत नाही. तसे नव्हतेच असेही मला म्हणता येत नाही. मी त्याला ग्रंथालयात गाठले, कोश उघडून नोंद दाखवली आणि चूक माझी होती असे सांगितले. त्याने नोंद दोनदा वाचली. "असू दे की सर," म्हणाला, आणि स्वतःच खाली वाकून पुढची उदाहरणे वाचू लागला. हार्डीच्या कवितेचे नाव त्याला तिथेच दिसले. थ्रश म्हणजे कुठला पक्षी, असे त्याने विचारले. मी म्हणालो, आपल्याकडे ज्याला कस्तूर म्हणतात त्यासारखा.

"तो शीळ घालणारा?"

"तो दिसतो त्यासारखा, पण आता त्याला वेगळ्या कुळात घालतात."

"तो पावसाळ्यात वड्याच्या काठाला असतोय सर. उजाडायच्या आधी शीळ घालतोय. माणूसच घालतोय असं वाटतंय. दिसत नाही पण." मग थोडे थांबून त्याने विचारले, "त्याला पण हा शब्द चालेल काय?"

चालेल, असे मी म्हणालो.